अभिवचन, ब्रीद आणि करार : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील भरवशाचे स्वरूप

१

देवाच्या अभिवचनांवर निःशंकपणे विसंबून राहावे, ही ख्रिस्ती श्रद्धेची एक मध्यवर्ती मागणी आहे. उपदेशपर लेखनात ती सहज मांडता येते. ललित लेखनात ती आली की समीक्षेची अडचण होते. वाङ्मयीन मूल्य हे संशयातून, द्वंद्वातून, मनाच्या ताणातून निर्माण होते अशी आपल्या आधुनिक समीक्षेची सर्वसाधारण धारणा आहे. त्यामुळे भरवशाचे वाङ्मय एकतर धर्मप्रचाराच्या खात्यावर जमा केले जाते, अथवा संतकाव्याची उसनी आवृत्ती म्हणून बाजूस ठेवले जाते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या वाट्यास या दोन्ही गोष्टी आल्या आहेत. ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ या उपेक्षेतून सुटला, परंतु तोही बहुधा त्यातील विनोदामुळे, प्रांजळपणामुळे आणि घरगुती भाषेमुळे. त्यातील श्रद्धेचा प्रश्न वाचकांनी सौजन्याने ओलांडला, असेच म्हणावे लागते.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न निराळ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. अभिवचनात मुळातच दोन पक्ष असतात आणि एक मधला काळ असतो. शब्द देणारा व शब्दावर विसंबणारा हे दोन पक्ष. शब्द दिल्यापासून तो फळास येईपर्यंतचा हा मधला काळ. या काळात कोणी तरी उपाशी राहते, कोणी तरी वाट पाहते, कोणी तरी घर चालवते. भरवशाच्या वाङ्मयाची परीक्षा करताना त्या मनाची निःशंकता किती होती एवढेच न विचारता, त्या निःशंकतेचा भार कोणी वाहिला आणि लेखनाने तो भार दाखवला की झाकला, हे विचारले पाहिजे. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९), लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) आणि पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) या तिघांचे लेखन या कसोटीवर एकत्र ठेवले असता मराठीतील ख्रिस्ती भरवशाची तीन भिन्न रूपे स्पष्ट होतात. ती परस्परांना पूरक आहेत, तशीच काही बाबतींत परस्परविरोधीही आहेत.

२

या रूपांकडे वळण्यापूर्वी शब्दांचा विचार करणे आवश्यक आहे. मराठी बायबलाचे दोन भाग ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ या नावांनी ओळखले जातात. गुजरातीतही ‘करार’ हाच शब्द आहे. हिंदीत व बंगालीत मात्र ‘नियम’, पंजाबीत ‘नेम’ आणि उर्दूत ‘अहदनामा’ असे शब्द रूढ झाले. एकाच ग्रंथाच्या या नावांतून देव आणि मनुष्य यांच्या संबंधाची तीन चित्रे उभी राहतात. ‘नियम’ व ‘नेम’ यांत पाळावयाच्या शिस्तीचा व नित्याचाराचा ध्वनी आहे. ‘अहदनामा’ या शब्दात प्रतिज्ञेच्या लेखाचा भारदस्तपणा आहे. ‘करार’ हा मराठीत पेढीवरचा आणि कचेरीतला शब्द होय. त्यात दोन्ही पक्ष बांधले जातात, आणि एकाने कसूर केल्यास दुसऱ्यास दाद मागता येते.

या शब्दाची आणखी एक बाजू तौलनिक अभ्यासकाच्या ध्यानात यावी. ‘करार’ हा मूळ अरबी शब्द. स्थैर्य, ठरणे, निवांत होणे हे त्याचे जुने अर्थ. उर्दूत आणि पंजाबीत मनाला ‘करार’ येतो तेव्हा मन शांत होते, आणि ते हरपले की माणूस ‘बेकरार’ होतो. मराठीने या शब्दाचा व्यवहारातला अर्थ घेतला आणि विश्रांतीचा अर्थ बहुतांशी सोडून दिला. देवाच्या शब्दावर विसंबल्याने मनास येणारा निवांतपणा मराठी ख्रिस्ती लेखकास म्हणूनच ‘करार’ या शब्दात सापडत नाही. तो त्याला अन्यत्र शोधावा लागतो.

मराठीत असे ठिकाण तयारच होते. संतांच्या भाषेत देवाने भक्तास दिलेला शब्द ‘ब्रीद’ या नावाने येतो. ब्रीद म्हणजे देवाने स्वतःच मिरवलेली ओळख. पतितपावन, दीनानाथ, अनाथांचा कैवारी ही त्याची बिरुदे होत, आणि बिरुद मिरवणाऱ्याने तसे वागलेच पाहिजे असा भक्ताचा हक्क असतो. नामदेवांच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात भक्त देवाच्या दारी येतो तो पतितपावन हे नाव ऐकून, आणि ते नाव खरे नाही असे म्हणत परत फिरण्याची भाषा करतो. वरवर पाहता ही अश्रद्धा आहे. प्रत्यक्षात देवाच्या शब्दावर इतका भार टाकणारी श्रद्धा दुसरी नाही. शब्दावर विश्वास नसलेला माणूस भांडत नाही; तो दारी येतच नाही. हे नामदेव पुढे पंजाबात घुमान येथे राहिले आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. देवाच्या बिरुदावर हक्क सांगणारी ही वृत्ती एका प्रांतापुरती मर्यादित नव्हती.

बायबलातील स्तोत्रसंहितेतही असेच भांडण आहे. तेथील विलापस्तोत्रांत भक्त देवाला त्याच्या पूर्वीच्या वचनांची आठवण करून देतो आणि तो का विसरला असे विचारतो. ब्रीद आणि अभिवचन यांचे हे साम्य प्रभावाचे नसून वृत्तीचे आहे. परंतु मराठीत या दोन वृत्तींची भेट घडली तेव्हा तिला भाषा मिळाली ती ब्रीदाची.

३

ही भेट टिळकांच्या आधीच सुरू झाली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाचे ‘पहिले पुराण’ व ‘दुसरे पुराण’ असे दोन भाग आहेत. जुन्या करारातील वचन आणि नव्या करारातील पूर्ती अशी त्याची रचना असून, तारणारा येणार या आश्वासनाच्या धाग्याने पहिले पुराण दुसऱ्याशी जोडलेले आहे. येथे अभिवचन हे कथानकाचे सूत्र आहे. श्रोत्याने ते ऐकायचे आणि पुढच्या भागात ते पुरे झालेले पाहायचे. मधला काळ हा पुराणाच्या पानांमधला काळ आहे. श्रोत्याच्या आयुष्यातला नव्हे.

बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात अभिवचनाचे रूप पालटते. बेळगावात जन्मलेल्या आणि तेथेच १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या लेखकाची श्रद्धा वादातून, तुलनेतून, पुराव्यातून सिद्ध होत जाते. जुने मत तपासायचे, ते टिकत नाही असे ठरवायचे, नवे मत पत्करायचे, ही एकोणिसाव्या शतकातील खंडनमंडनाची शिस्त तेथे स्पष्ट दिसते. भरवसा येथे निष्कर्षाच्या स्वरूपात येतो. पदमनजींच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु निष्कर्ष निघाल्यावर त्याच्यासह जगायचे कसे, हा प्रश्न ‘अरुणोदय’च्या मांडणीत गौण राहतो.

४

टिळकांच्या कवितेत भरवसा प्रथमच आत्मपर सुरात बोलू लागतो. १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, ही घटना त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत असता त्यांनी मराठी उपासनेसाठी भजने, पदे व अभंग लिहिले. आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ‘उपासना संगीत’मधून ती गायली जातात. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे.

या सेतूचा अर्थ पुष्कळदा केवळ छंदापुरता घेतला जातो. अभंग आणि ओवी ही भांडी जुनी, त्यांत ओतलेले द्रव्य नवे, असे म्हणून विषय संपवला जातो. वस्तुतः टिळकांनी घेतली ती नात्याची रीत. देवाला माय, बाप, सखा म्हणून हाक मारायची, त्याच्या अंगाशी लगट करायची, रुसायचे, हट्ट धरायचा आणि शेवटी त्याच्या पायाशी निवांत व्हायचे, हा संतांचा क्रम त्यांच्या अभंगांत आहे. ‘करार’ या शब्दाने गमावलेली विश्रांती टिळकांनी अशा रीतीने ‘विसावा’ या जुन्या मराठी अनुभवातून परत मिळवली. मराठी ख्रिस्ती उपासनेला त्यांनी दिलेली ही देणगी मोठी आहे.

तरीही भावकवितेची एक मर्यादा येथे जाणवते. अभंगात दोनच पात्रे असतात, भक्त आणि देव. भक्ताने सर्वस्व देवाच्या हवाली केले असे कवी गातो, तेव्हा त्या सर्वस्वात आणखी कोणाकोणाचा वाटा होता हे अभंगाला सांगता येत नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारी कल्पना हाती घेतली. कवीच्या दृष्टीने हा देवावरील भरवशाचा परमोच्च क्षण होय. घराच्या दृष्टीने तो काय होता, हे समजण्यासाठी दुसऱ्या लेखणीकडे जावे लागते.

५

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीच लक्ष्मीबाईंनी वडिलांच्या सोवळ्याची हकीकत सांगितली आहे. १८५७ नंतर आजोबांना झालेल्या फाशीचा धक्का घेऊन वडील विलक्षण सोवळे पाळू लागले आणि बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेण्याचे काम घरातल्या बायकांच्या अंगावर पडले. ही हकीकत विनोदी म्हणून वाचली जाते, आणि ती विनोदी आहेही. परंतु संपूर्ण ग्रंथाची किल्ली तिच्यात आहे. पुरुषाने धर्मात शोधलेल्या निश्चिंतीची किंमत बायकांनी श्रमाच्या रूपाने द्यायची, हा अनुभव लेखिकेला बालपणीच मिळाला होता. पुढे टिळकांच्या घरी आल्यावर धर्म बदलला, निश्चिंतीचे स्वरूप बदलले. हिशेब मात्र तसाच राहिला.

टिळक दाराशी आलेल्यास हातातले देऊन टाकत, अनोळखी माणसांना घरी आणत, न सांगता निघून जात. देव पुरवील हा त्यांचा भरवसा खरा होता आणि त्याचे दर्शन लक्ष्मीबाईंनी प्रेमाने घडवले आहे. त्याचबरोबर डब्यात काय उरले होते, कोणाकडून काय मागून आणावे लागले, पोराला काय खाऊ घातले, हेही त्यांनी सांगितले आहे. देवाने पुरवले असे जेथे टिळक म्हणतील, तेथे देवाने कोणाच्या हातून पुरवले हे लक्ष्मीबाई दाखवतात. बहुतेक वेळा तो हात त्यांचाच असतो, हे सांगण्याचे मात्र त्या टाळतात. या टाळण्यातच त्यांच्या गद्याचे सामर्थ्य आहे.

टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतरची ताटातुटीची वर्षे हा या ग्रंथाचा गाभा आहे. पतीने आपल्या देवाचा शब्द मानला, तेव्हा पत्नीला दिलेला शब्द मोडला असे त्या काळच्या समाजाला वाटले, आणि लक्ष्मीबाईंनाही वाटले. त्या दत्तूला घेऊन पंढरपुरासारख्या ठिकाणी आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. ज्याच्या ब्रीदावर सारा महाराष्ट्र विसंबला, त्या देवाच्या गावी ही टाकलेली स्त्री वाट पाहत होती. पुन्हा एकत्र आल्यावरही काही काळ त्यांचे सोवळेओवळे निराळे राहिले. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हा विचार राहुरी येथे त्यांच्या मनात आपोआप उगवला आणि त्या क्षणी जेवणाखाणाचा निर्बंध गळून पडला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या परिवर्तनात कोणतेही प्रवचन नाही, कोणताही वाद नाही. पदमनजींना जे पुराव्याने मिळाले आणि टिळकांना जे भावनेने मिळाले, ते लक्ष्मीबाईंना रोजच्या जगण्याच्या ओघात मिळाले.

लक्ष्मीबाईंचा भरवसा टिळकांच्या भरवशाहून कमी होता असे यावरून म्हणता येणार नाही. टिळकांनी आरंभून दहा-अकरा अध्यायांवर सोडलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेऊन पूर्ण केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली प्रसिद्ध झाले. दिवंगत पतीचे अपुरे काव्य औपचारिक शिक्षण न मिळालेल्या स्त्रीने हाती घ्यावे आणि शेवटास न्यावे, हेही शब्द पाळणेच आहे. फरक इतकाच की, त्यांच्या लेखी भरवसा ही घोषणा करण्याची गोष्ट नव्हती. संध्याकाळची चूल पेटल्यावर मागे वळून पाहताना दिसणारी गोष्ट होती. शांता गोखले यांनी २०१७ साली ‘स्मृतिचित्रे’चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्यानंतर हा ग्रंथ व्यापक तौलनिक चर्चेत आला आहे. त्या चर्चेत स्त्रीचे आत्मचरित्र या अंगावर भर पडणे स्वाभाविक आहे. परंतु श्रद्धेचे अंग वगळून स्त्रीचे अंग वाचता येत नाही, कारण या स्त्रीला जे सोसावे लागले ते दुसऱ्याच्या श्रद्धेपायी, आणि जे सोसता आले ते आपल्या.

६

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कुटुंबासह तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत फिरत. १८७० च्या दशकातील दुष्काळात कुटुंबाची अन्नान्न दशा झाली. शास्त्रात सांगितलेली दाने, जपे, अनुष्ठाने केल्यास दैवत प्रसन्न होईल या विश्वासाने जवळचे होते नव्हते ते खर्च झाले आणि शेवटी झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. आईवडील आणि थोरली बहीण याच काळात गेली. ही हकीकत रमाबाईंनी पुढे दुष्काळाविषयीच्या आपल्या लेखनात सविस्तर सांगितली आहे. म्हणजे संपूर्ण भरवसा ठेवणे हा रमाबाईंच्या दृष्टीने ख्रिस्ती धर्मात आल्यावर शिकलेला धडा नव्हता. संपूर्ण भरवसा त्यांनी घरीच पाहिला होता, आणि त्याने झालेले मरणही पाहिले होते.

अशा स्त्रीने पुन्हा एका देवाच्या अभिवचनावर सर्व भार टाकावा, ही घटना साधी नाही. १८८७ साली बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या कार्यास दहा वर्षे मदत करण्याचे मान्य केले होते. त्या आधारावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले. दहा वर्षांचा हा मानवी करार १८९८ साली संपला. त्याच सुमारास, १८९६-९७ च्या दुष्काळात, मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या होत्या, आणि केडगाव येथे मुक्ति सदन आकार घेत होते. खाणारी तोंडे वाढत असता ठरलेली मदत संपत होती. जॉर्ज म्युलर, हडसन टेलर आणि जॉन पेटन यांची चरित्रे आपण वाचली होती आणि हिंदुस्थानातही देवावर अशा रीतीने विसंबता येईल काय असा प्रश्न मनात होता, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या इंग्रजी साक्षीत लिहिले आहे. हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ज्यांच्या घरी एकदा देव पुरवणार म्हणून उपासमार झाली, त्यांनीच तो विचारावा यात त्याचे वजन आहे.

उत्तर त्यांनी दोन प्रकारे दिले. केडगावास त्यांनी जमीन घेतली, विहिरी खणल्या, शेती व फळबाग केली, मुलींना उद्योग शिकवले. अभिवचनावर विसंबणे आणि विहीर खणणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. किंबहुना विहीर न खणता विसंबणे कोठे नेते, हे त्यांनी पाहिले होते.

दुसरे उत्तर भाषेचे होते. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलाचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. मुक्तीच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवण्याचे काम तेथील स्त्रियाच करीत. रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, ते संपूर्ण प्रसिद्ध झाले. या भाषांतरात त्यांनी हिंदू धर्मकल्पनांशी निगडित असे संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले आणि अल्पशिक्षित बायकांना कळेल अशी साधी मराठी वापरली. अभ्यासकांनी याचा खुलासा बहुधा धार्मिक कर्मठपणाने केला आहे. तो खुलासा अपुरा वाटतो. टिळकांना संतांच्या शब्दांत देव सापडला होता; म्हणून त्यांना ते शब्द सोडवेनात. रमाबाईंच्या कानात पवित्र शब्दांशी जोडलेला होता तो दुष्काळ. ज्या शब्दांनी एकदा खोटे आश्वासन दिले असे त्यांना वाटत होते, त्या शब्दांत खरे आश्वासन सांगणे त्यांना अशक्य वाटले असले पाहिजे. संस्कृतात सभा जिंकणाऱ्या विदुषीने संस्कृत शब्दांची गाळणी लावून बसावे, यामागे हे दुःख वाचता येते. भाषांतर म्हणून त्यामुळे काही जागी कृत्रिमता आली असेल. परंतु त्या कृत्रिमतेला एक चरित्र आहे.

७

या तीन रूपांच्या शेजारी पंजाबातील एक समकालीन रूप ठेवले म्हणजे त्यांचे वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. शीख कुटुंबात जन्मलेले साधू सुंदर सिंह यांचा १९०५ साली सिमल्यास बाप्तिस्मा झाला, आणि ते भगवी वस्त्रे धारण करून, पैसा जवळ न बाळगता, हिमालयाच्या वाटांनी फिरले. १९२९ साली ते तिबेटच्या दिशेने गेले ते परतले नाहीत. देवावर पूर्णपणे विसंबल्याचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण. परंतु त्या भरवशाची दुसरी बाजू सांगणारी लक्ष्मीबाई तेथे नाही, कारण संन्याशाला चूल नसते. मराठी ख्रिस्ती परंपरेचे भाग्य असे की, तिच्यात भरवसा गृहस्थाश्रमात घडला आणि त्याची नोंद घर चालवणाऱ्या व्यक्तीने ठेवली.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात श्रद्धावंतांची एक दीर्घ नामावली आहे. तिच्यातील अनेकांना आश्वासन दिलेली वस्तू आयुष्यात मिळालीच नाही, हे त्या अध्यायाने स्पष्ट मान्य केले आहे. ख्रिस्ती निःशंकतेची ही मूळ समज पुष्कळदा विसरली जाते आणि भरवसा म्हणजे हमखास प्राप्ती असा सोपा अर्थ रूढ होतो. टिळकांचा दरबार त्यांच्या हयातीत पूर्णपणे उभा राहिला नाही. ख्रिस्तायन छापलेले लक्ष्मीबाईंनी पाहिले नाही. आपले बायबल ग्रंथरूपाने हाती येण्यापूर्वीच रमाबाई गेल्या. तिघांनीही अभिवचनाच्या मधल्या काळातच लेखन केले आणि मधल्या काळातच ते संपवले.

तौलनिक साहित्याभ्यासापुढे यातून एक काम उभे राहते. भारतीय भाषांतील ख्रिस्ती वाङ्मय आजवर बहुधा आशयाच्या नवेपणासाठी आणि छंदाच्या जुनेपणासाठी वाचले गेले. करार, नियम, नेम, अहदनामा या शब्दांपासून आरंभ करून प्रत्येक भाषेने देवाच्या शब्दावर विसंबण्याची कोणती रीत घडवली, आणि त्या रीतीचा भार कोणत्या घरावर व कोणत्या हातांवर पडला, असा शोध घेतल्यास भक्तिकाव्य, आत्मचरित्र आणि भाषांतर या आज वेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या प्रकारांना एकत्र वाचता येईल. मराठीपुरते बोलायचे तर टिळकांचा अभंग गाताना ‘स्मृतिचित्रे’ उघडी असावी आणि केडगावची विहीर नजरेसमोर असावी. त्याने अभंगाचा गोडवा कमी होत नाही. तो कशावर उभा आहे ते कळते.